गावाचे नाट्यगृह : कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आणि आपण

असीरगडावर आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी जाऊन आले आहेत. पाहुणे आले की कुंडी भंडारा, शाही किल्ला आणि असीरगड दाखवायचा, हा बऱ्हाणपूरच्या मराठी घरांतला ठरलेला क्रम. गावापासून वीसेक किलोमीटरवर खंडव्याच्या रस्त्याला लागून हा डोंगर उभा आहे. दख्खनचा दरवाजा म्हणून त्याची ख्याती. अकबराला तो घ्यायला महिनोन्‌महिने वेढा घालून बसावे लागले, आणि १६०१ च्या सुरुवातीला तो मोगलांच्या हाती आला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी कायमचा घेतला.

आज गडावर काय आहे? तट आहेत, दरवाजे आहेत, मशीद आहे, पाण्याची टाकी आहेत, पडक्या भिंती आहेत. फौज नाही, बाजार नाही, रात्रीचा दिवा नाही. रोजचा राबता आहे तो महादेवाच्या देवळात. अश्वत्थामा पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो ही कथा ऐकत आपण मोठे झालो. ती खरी मानायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्या कथेमुळे आणि पूजेमुळे गडाचा तेवढा कोपरा जागता राहिला आहे, हे मात्र डोळ्यांना दिसते.

असीरगडाची आठवण आज काढण्याचे कारण कोल्हापूरची एक इमारत आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिथले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. त्या रात्री आपल्या सभासदांच्या मोबाइलवरही त्या ज्वाळांची दृश्ये येत राहिली. दुसऱ्या दिवशी जळक्या खुर्च्यांसमोर रडणाऱ्या कलाकारांची छायाचित्रे आली. त्यावर मंडळातल्या एका तरुण सभासदाने सरळ विचारले, "जुने थिएटर जळाले, वाईट झाले, पण माणसे एवढी रडतात का? नवीन बांधतील की!"

प्रश्न प्रामाणिक होता. ज्याने नाट्यगृह म्हणून सिनेमाचा पडदा आणि लग्नाचे कार्यालय एवढेच पाहिले आहे, त्याला हे कोडे पडणारच. त्याला द्यायचे उत्तर जरा लांबले, म्हणून ते सर्वांसाठी इथे लिहीत आहोत.

राजाने बांधले, गावाने भरले

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोममधले प्राचीन क्रीडागार पाहिले. हजारो लोक गोलाकार बसून एकच खेळ पाहू शकतात, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मैदान दिसते, ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली. त्यातून कोल्हापुरात खासबागचे कुस्ती मैदान तयार झाले. मधला आखाडा आणि भोवती चढत गेलेली मातीची बैठक, अशी त्याची रचना. आखाड्याला लागूनच महाराजांनी नाट्यगृह बांधायला घेतले. १९१३ मध्ये काम सुरू झाले आणि १९१५ मध्ये पुरे झाले. त्याचे नाव ठेवले पॅलेस थिएटर.

आखाडा आणि नाट्यगृह एकाला एक लागून! आज हे कुणाला विचित्र वाटेल. कुस्ती म्हणजे तांबडी माती, हलगी आणि आरोळ्या. संगीत नाटक म्हणजे ऑर्गन, तबला, शालू आणि अत्तर. पण शाहूंच्या दृष्टीने दोन्हींचा प्रेक्षक एकच होता. दुपारी कुस्ती पाहणाऱ्याने रात्री गाणे का ऐकू नये? पैलवानाला आणि गवयाला त्यांनी सारखाच आश्रय दिला. उस्ताद अल्लादियाखाँ हे त्यांच्याच दरबारचे गवई. कानाचे दुखणे असलेल्या नारायण राजहंस नावाच्या मुलाला मिरजेला उपचारासाठी पाठवणारे आणि किर्लोस्कर नाटक मंडळीच्या वाटेवर आणणारेही शाहू महाराजच. तो मुलगा म्हणजे पुढचे बालगंधर्व. योगायोग असा की त्यांच्या गाण्याचे सुरुवातीचे काही धडे आपल्या शेजारच्या जळगावात झाले होते.

त्या काळी महाराष्ट्रात नाटकांची कमतरता नव्हती. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाने मराठी माणसाला वेड लावले. कमतरता होती ती चांगल्या जागेची. कंपन्या गावोगाव फिरत. मुक्काम पडेल तिथे वाड्याचा चौक, धान्याचे गोदाम किंवा लाकडी खांब आणि पत्रे घालून उभारलेला मांडव हेच त्यांचे थिएटर. पाऊस आला की पत्र्याच्या आवाजात पद बुडायचे. पुढे खांब आला की त्यामागच्या प्रेक्षकाला अर्धेच नाटक दिसायचे.

पॅलेस थिएटरमध्ये प्रेक्षागृहाच्या मध्ये नजर अडवणारा खांब नव्हता. मजबूत दगडी भिंती, वर लाकडी काम आणि खोल रंगमंच, असे ते बांधले होते. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वीचा हा काळ आहे हे लक्षात घ्यावे लागते. नटाचा आवाज, तोही गाता गाता, शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याच्या बळावर पोहोचवायचा असे. गुळगुळीत भिंतींवरून आवाज घुमतो, तर लाकूड तो मऊ करून पुढे सोडते. म्हणून जुन्या नाट्यगृहांत लाकडाला इतके महत्त्व. आणि म्हणूनच आग ही जुन्या नाट्यगृहांची जन्माची वैरीण. ज्या लाकडाने आवाज गोड होतो, तेच लाकूड पेट घेते.

केशवराव कोण होते?

आपल्या मुलांना बालगंधर्वांचे नाव एखादे वेळी ठाऊक असते. केशवराव भोसले कोण, हे विचारले तर मात्र बहुतेक घरांत शांतता पसरेल.

९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. लहान वयातच ते नाटक कंपनीत गेले आणि बालनट म्हणून गाजले. १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श नाटक मंडळी काढली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. आवाज असा चढा, धारदार आणि तिन्ही सप्तकांत फिरणारा की लोक एकेका पदाला 'वन्समोअर' देत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. कंपनीचे मालकही तेच, नायकही तेच. नुसत्या पौराणिक कथांवर न थांबता त्यांनी वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' अशी नाटके केली. हुंड्यासारख्या प्रश्नावरचे नाटक गाण्यांसकट लोकांपुढे ठेवायला धाडस लागत असे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. प्रयोगाचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिले गेले. मराठी रंगभूमीवर त्या रात्रीची आठवण अजून काढली जाते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय अवघे ३१. त्यांची ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकर आणि त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकर यांनी कित्येक दशके चालवली.

स्वातंत्र्यानंतर संस्थान गेले. नाट्यगृह आधी नगरपालिकेकडे आणि पुढे महानगरपालिकेकडे आले. पॅलेस थिएटरचे नाव बदलून केशवराव भोसले नाट्यगृह झाले. हा बदल लहान नाही. राजवाड्याचे नाव उतरले आणि त्याच गावातल्या गरिबाघरच्या एका नटाचे नाव चढले. ज्या राजाने ते बांधले त्यालाही हे आवडले असते, असे आम्हांस वाटते.

नाट्यगृह गावासाठी काय करते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा इमारतीने गावाला नेमके काय दिले?

पहिली गोष्ट, तिने कारागीर घडवले. नाटक म्हटले की आपल्याला नट दिसतो. पण एका प्रयोगामागे पडदे रंगवणारा, सुतार, शिंपी, रंगभूषा करणारा, दिवे सांभाळणारा, तबलजी, ऑर्गनवाला, प्रॉम्प्टर अशी मोठी पंगत असते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवण्यात अख्ख्या पश्चिम भारतात नावाजलेले होते. महाल, बाग, रस्ता असा देखावा कापडावर असा उतरवायचे की प्रेक्षकाला खोली भासावी. याच बाबूराव पेंटरांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेराही स्वतः जुळवला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची सुरुवात केली. व्ही. शांताराम तर मुलगा असताना गंधर्व नाटक मंडळीत होते. म्हणजे मराठी सिनेमाची मुळे शोधत गेलो की आपण नाटकाच्या पडद्यापाशी येऊन पोहोचतो. नाटकाला जागा देणारे गाव नसते, तर हे हात कुठे तयार झाले असते?

दुसरी गोष्ट, तिने प्रेक्षक घडवला. आपण नट घडवण्याबद्दल पुष्कळ बोलतो; प्रेक्षक घडवावा लागतो हे विसरतो. तिसऱ्या घंटेला जागेवर बसणे, नांदी सुरू होताच गप्प होणे, समेवर मान डोलावणे, फसलेल्या जागेला टाळी न देणे, आवडलेल्या जागेला 'वन्समोअर' देणे. हे कुणी शाळेत शिकवत नाही. वडिलांच्या मांडीवर बसून, पेंगत, अर्धे समजत आणि अर्धे न समजत, मूल ते शिकते. एकाच छताखाली आजोबांनी एक नाटक पाहिलेले असते, वडिलांनी दुसरे आणि मुलाने तिसरे. त्या तिघांना जोडणारी वस्तू नाटक नसते, ती जागा असते. म्हणून जागा जळाली की तीन पिढ्यांचे काहीतरी जळते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिने साध्या माणसाला मोठा रंगमंच दिला. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५० च्या दशकात सुरू झाली आणि तिने गावोगावच्या हौशी मंडळींना बळ दिले. कोल्हापूर केंद्राची नाटके याच नाट्यगृहात होत. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, गिरणीतला कामगार, कॉलेजचा विद्यार्थी दिवसभराचे काम उरकून रात्री तालीम करणार आणि एका संध्याकाळी त्याच फळ्यांवर उभे राहणार जिथे मोठमोठे नट उभे राहिले. ग्रीनरूमच्या आरशात स्वतःचा रंगवलेला चेहरा पाहणार, विंगेत उभे राहून घाम पुसणार, नारळ फोडून रंगमंचाला नमस्कार करणार. बहुतेक जण पुढे कुठेही प्रसिद्ध होत नाहीत. पण आयुष्यभर सांगतात, "मी केशवरावला काम केलंय." आगीच्या दुसऱ्या दिवशी जी माणसे रडत होती, त्यांत नामवंत थोडे आणि ही माणसे जास्त होती, हे छायाचित्रांतूनही कळत होते.

याशिवाय शाळांची संमेलने, सत्कार, व्याख्याने, गाण्याच्या बैठकी हे सगळे तिथे व्हायचेच. गावाला एकत्र बसायला देऊळ असते, बाजार असतो, आखाडा असतो. पण अनोळखी शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, अंधारात, दुसऱ्याच्या दुःखावर मूकपणे डोळे पुसायची जागा नाट्यगृहाखेरीज दुसरी नाही.

जपानमधल्या एका गावाची गोष्ट

हे फक्त मराठी माणसाचे वेड आहे असे समजू नये. आपल्यापासून हजारो मैलांवर जपानमध्ये यामागा नावाचे एक लहान गाव आहे. क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातले, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या व्यापाऱ्यांनी आपसांत भाग काढून भांडवल जमवले आणि १९१० मध्ये याचियोझा नावाचे लाकडी नाट्यगृह बांधले. म्हणजे आपले पॅलेस थिएटर आणि हे, जवळपास एकाच वयाचे. एक राजाने बांधले, एक दुकानदारांनी.

याचियोझात काबुकी नाटके होत. काबुकी आणि आपले जुने संगीत नाटक यांत मौजेची साम्ये आहेत. दोन्हींत गाणे, वाद्य आणि भरजरी वेश. दोन्हींत स्त्रीभूमिका पुरुष करत, आणि काबुकीत अजूनही करतात. प्रेक्षक जमिनीवर लाकडी चौकटींच्या चौकोनांत घरच्यांसोबत मांडी घालून बसतात. नट प्रेक्षकांच्या मधून गेलेल्या एका लांब मार्गिकेवरून रंगमंचावर येतो. रंगमंचाचा मधला भाग गोल फिरतो, आणि तो फिरवायला खालच्या तळघरात माणसे खांदा लावतात. त्या अंधाऱ्या तळघराला जपानी भाषेत 'नाराकु' म्हणतात. हा शब्द आपल्याच 'नरक' शब्दावरून, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेला आहे. याचियोझाच्या छतावर गावातल्या दुकानांच्या रंगीत जाहिराती रंगवलेल्या आहेत. वर पाहिले की अख्खी बाजारपेठ दिसते.

मग सिनेमा आला, दूरदर्शन आले. प्रेक्षक घटले. १९७० च्या दशकात याचियोझा बंद पडले. कौले फुटली, पाणी गळू लागले. पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा पुढे कोण आले? गावातली म्हातारी माणसे. ज्यांनी लहानपणी आईबापांबरोबर तिथे नाटके पाहिली होती, त्या ज्येष्ठ नागरिकांनी १९८० च्या दशकात 'एक कौल' अशी मोहीम काढली. प्रत्येकाने निदान एका कौलाचे पैसे द्यावेत. कुणी एक दिले, कुणी दहा. छप्पर शाकारले गेले. त्यानंतर तरुण मंडळी कामाला लागली. १९८८ मध्ये जपान सरकारने त्या इमारतीला महत्त्वाचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १९९० पासून काबुकीतले स्त्रीभूमिकांचे थोर नट बांदो तामासाबुरो तिथे येऊन प्रयोग करू लागले आणि दूरदूरचे रसिक त्या लहानशा गावात येऊ लागले. पुढे मोठी दुरुस्ती होऊन २००१ मध्ये ते जुन्या रूपात पुन्हा उभे राहिले.

या गोष्टीतला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कौल, मग सरकार, मग मोठा नट. सरकारची वाट पाहत बसले असते तर मान्यता द्यायला इमारतच उरली नसती.

आगीनंतर

कोल्हापुरातही असेच काहीसे घडले. आगीत छप्पर, रंगमंच, खुर्च्या, ध्वनी आणि प्रकाशाची सामग्री गेली. लगतच्या खासबागच्या बाजूलाही झळ बसली. गेल्या दशकातच मोठा खर्च करून तिथे नूतनीकरण झाले होते, तेही गेले. शाहूकालीन दगडी बांधकामाचा काही भाग उभा राहिला. दुसरा दिवस ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. ज्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घालून गाणी व्हायची, त्या दिवशी लोक राखेसमोर उभे होते.

राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला आणि नाट्यगृह पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेण्यात आले. कोल्हापूरकरांचे म्हणणे एकच होते की नवे चकचकीत सभागृह नको, आमचे केशवराव आम्हांला तसेच हवे. अशा मागणीत भावनेबरोबर व्यवहारही आहे. नव्या इमारतीत वातानुकूलन असेल, अग्निशमनाची सोय असेल आणि ती असायलाच हवी. पण रंगमंचाची खोली, आवाजाची गोडी, शेवटच्या रांगेतून दिसणारे दृश्य या गोष्टी शंभर वर्षांच्या वापरातून पारखलेल्या असतात. त्या सोडून दिल्या की नाव तेच राहते आणि नाट्यगृह मात्र दुसरेच होते.

इथे आम्हांला पुन्हा असीरगड आठवतो. गड अभेद्य होता. त्याचे दगड अजून तसेच आहेत. पण त्याची गरज संपली आणि कुणी रडले नाही. गवत वाढत गेले. उलट, नाट्यगृह नाजूक होते, लाकडाचे होते, एका रात्रीत गेले. तरी दुसऱ्या दिवसापासून गाव त्याच्या उभारणीच्या मागे लागले. वास्तू दगडावर टिकत नाही, माणसांच्या जाण्यायेण्यावर टिकते. तरुण मित्राच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच आहे. ती माणसे इमारतीसाठी रडत नव्हती. आपण तिथे पुन्हा जमू की नाही, या भीतीने रडत होती.

आपल्याकडे काय आहे?

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या मंडळाकडे केशवरावसारखे नाट्यगृह नाही. आपला रंगमंच म्हणजे गणेशोत्सवातला मांडव, चार लाकडी पलंगपाट, भाड्याचा माइक आणि कुणाच्या तरी घरून आणलेली साडी पडदा म्हणून. तरीही या मांडवात आपल्या मागच्या पिढीने नाटके केली. तेव्हा तालमींना जागा पुरत नसे. आता एकांकिका बसवायची म्हटले की चार पात्रे जमवताना नाकी नऊ येतात. परीक्षा, शिकवण्या, नोकरीचे गाव बदलणे, ही कारणे खरी आहेत. त्यांत आम्ही कुणाला दोष देत नाही.

पण एक गोष्ट नोंदवायला हवी. आपली मुले हिंदी शाळेत देवनागरी शिकतात, त्यामुळे मराठी संवाद त्यांना वाचता येतात. अडते ते बोलताना. 'ळ' चा 'ल' होतो, 'फळ' चे 'फल' होते, 'मला जायचं आहे' ऐवजी 'मी जायचं आहे' होते. घरी दहा वेळा सुधारले तरी मुले कंटाळतात. तालमीत मात्र तेच वाक्य पन्नास वेळा म्हणतात आणि कुरकुरत नाहीत, कारण तिथे ते वाक्य त्यांचे नसते, पात्राचे असते. महिनाभराच्या तालमीने जेवढी मराठी जिभेवर बसते, तेवढी वर्षभराच्या उपदेशाने बसत नाही. हा आमचा अनुभव आहे, आणि ज्यांनी मुलांचे नाटक बसवले आहे त्या सर्वांचा असेल.

आपण एकटेही नाही. इंदुरात सानंद न्यास सभासदांच्या वर्गणीवर मराठी नाटकांचे प्रयोग नियमाने करतो, आणि मुंबई-पुण्याचे नट तिथल्या प्रेक्षकांचे कौतुक करतात. पलीकडे जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. नाटक पाहायला कोल्हापूरपर्यंत जाण्याची गरज नाही.

म्हणून कार्यकारिणीने तीन साध्या गोष्टी सुचवल्या आहेत. पहिली, ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनी, एका सभासदाच्या घरी जमून एखाद्या मराठी नाटकाचे अभिवाचन करावे. पडदा नको, वेश नको. पुस्तके हातात घेऊन वाचायचे. दुसरी, वर्षातून एकदा इंदूर किंवा जळगावला नाटक पाहायला मंडळातर्फे बस न्यावी आणि प्रत्येक घरातून निदान एक मूल त्यात असावे. पेंगले तरी चालेल. आपणही असेच पेंगत शिकलो. तिसरी, पुढच्या गणेशोत्सवात एक तरी एकांकिका व्हावी आणि प्रत्येक घराने तिच्यात काहीतरी द्यावे. पात्र नसेल तर पडदा, पडदा नसेल तर तालमीचा चहा.

यामागाच्या म्हाताऱ्यांनी एकेक कौल दिले होते. आपल्याला छप्पर शाकारायचे नाही, फक्त मांडव भरायचा आहे. ज्यांना अभिवाचनात भाग घ्यायचा आहे त्यांनी आपली नावे दिवाळीपूर्वी कार्यकारिणीकडे द्यावीत. आणि ज्यांच्या घरी जुन्या नाटकांची पुस्तके, मांडवातल्या प्रयोगांचे फोटो किंवा एखादी जपून ठेवलेली हस्तपत्रिका असेल, त्यांनी ती त्या दिवशी अवश्य आणावी. त्या फोटोंत कोण कोण आहे, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.